ताईचा रंग

प्रिय ठकू,

तुझा फोन तीनदा वाजला. मी समोरच बसलो होतो. उचलला नाही, कारण बोलायला लागलो की मी निम्मं सांगतो आणि उरलेलं गिळतो, हे तुला माहीत आहे. म्हणून लिहितो आहे. उद्यापर्यंत पत्र तुझ्या हातात पडेल.

तुझ्या आईला, माझ्या ताईला, जाऊन दोन वर्षं झाली. ती चालवायची ती शाळेची बस पुरात अडकली, तेव्हा मागची काच फोडून तिने सव्वीस मुलं एकेक करून टपावर चढवली आणि स्वतः खालीच राहिली, हे आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. मला मात्र ती आठवते सकाळी सहाला बाह्या वर करून बसचा आरसा पुसताना. काळेभोर हात उन्हात चमकायचे. तुझी आजी म्हणायची, टोपी घाल गं, अजून किती काळी होशील. ताई म्हणायची, आता जागाच शिल्लक नाही.

तिच्यावर सिनेमा निघतोय म्हटल्यावर तू केवढी हुरळली होतीस. तुझी हनुवटी तिची, रंग तिचा, वर दहा वर्षं नाटकात काढलेली. तू आईच्या भूमिकेसाठी गेलीस आणि त्यांनी तुला शाळेतल्या झाडूवालीचं काम देऊ केलं. ताई झाली ती दुधासारखी गोरी नटी. आईने या बाईला पहिल्या सीटवर बसवून पाण्याची बाटली दिली असती, असं तू फोनवर म्हणालीस. मी हसलो.

आता शुक्रवारी सिनेमाच्या कार्यक्रमात तू पत्रकारांसमोर सांगणार, की माझी आई काळी होती आणि या लोकांनी तिला पुसून टाकलं. मला भीती त्याचीच वाटते. सोमवारी सिनेमा कंपनीचा व्यवस्थापक घरी येऊन गेला. पाणी प्यायला, ताईच्या आठवणी विचारल्या, आणि उठता उठता अगदी मऊ आवाजात म्हणाला, "भाचीला समजवा. फोटो आमच्याकडे आहे, आणि तो तुम्हीच दिलाय." तोच फोटो ते शुक्रवारी मोठा करून लावणार आहेत. त्यात ताई गोरी आहे. चारचौघांत तू खोटी ठरशील, मेलेल्या आईच्या नावावर काम मागणारी ठरशील. तो गेल्यावर मी कडी लावली आणि लागली आहे ना, हे दोनदा उठून पाहिलं. फोटो मी दिला हे खरं आहे. भिंतीवर तिचा तेवढाच एक होता. फोटो 'हुबेहूब' आहे असं लिहिलेल्या त्यांच्या कागदावर सहीसुद्धा केली. इतकी वर्षं रोज बघून मलाही तो खराच वाटायला लागला होता.

तू लहानपणी विचारायचीस, फोटोत आई अशी का दिसते. मी दिव्यांचा प्रकाश म्हणून सांगायचो. तो गोरेपणा माझ्या हातचा आहे, ठकू. मी तेव्हा फोटो स्टुडिओत रिटचिंग करायचो, म्हणजे फोटोतले डाग, व्रण झाकायचो. हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या नोकरीसाठी ताईचे तीन अर्ज परत आले होते. चौथ्या वेळी तिला न विचारता मी तिच्या फोटोच्या निगेटिव्हवर लाल रंगाचा पातळ हात फिरवला. तसं केलं की कागदावर चेहरा उजळ येतो. लगेच बोलावणं आलं. ती तासाभरात परत आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "त्यांनी सांगितलं, फोटोतल्या बाईंना पाठवा." पुढच्या महिन्यात तिने बसचं लायसन्स काढलं. कॅमेऱ्यासमोर पुन्हा कधी उभी राहिली नाही. आजीने तो फोटो हौसेने भिंतीवर लावला, तेव्हाही ताई मला काही बोलली नाही, मीही बोललो नाही. काल ती निगेटिव्ह शोधून पाण्यात ठेवली. रंग हळूहळू सुटला. कागदावर काढताना दोन कागद वाया गेले. तिसरा सोबत ठेवला आहे. शुक्रवारी हा दाखव, आणि पहिला कोणी केला तेही सांग. हे वाचून तू माझ्याशी बोलणं टाकशील, या भीतीने पत्र दोन दिवस अडलं. भीती अजून आहे. तरी मी येईन, मागच्या रांगेत बसेन. कोणी विचारलं तर माझ्याकडे बोट दाखव.

तुझाच,
मामा