पहिला रोल कोरा गेला

प्रिय निधी,

हे जयवंतकाका कोण गं, हल्ली सारखे तुझ्या बोलण्यात येतात, असं परवा तू फोनवर विचारलंस आणि मी कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता. उत्तर तोंडाने द्यायचा धीर होईना, म्हणून लिहायला बसले. पण आधी कॅमेऱ्याची गंमत ऐक.

इथे अंधेरीत आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने फोटोंचा वर्ग काढला. शिकवणारी तेजल तुझ्याहून लहान. फोन बाजूला ठेवा, जुन्या रोलच्या कॅमेऱ्यावर शिका, हा तिचा हट्ट. मोजकेच फोटो मिळाले की माणूस आधी नीट बघतो, म्हणे. वर्गात माझ्या शेजारी जयवंत तांडेल बसायचे. मढचे कोळी, बोट भावाच्या हवाली करून मोकळे झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. बोट भागीत चालवायची त्यांना सवय, म्हणून कॅमेराही आपण दोघांत एक घेऊ, असं त्यांनीच सुचवलं.

घाटकोपरच्या दुकानात त्यांनी कॅमेरा निवडला तो पापलेट निवडावं तसा. हातात तोलला, मागचं झाकण उघडून आत डोकावले, वर हुंगलासुद्धा. आत बुरशी असली तर वासाने कळतं, म्हणे. दुकानदार लांबचं जवळ आणणारं एक धूड पुढे करत होता. माझी अट एकच, चष्म्याच्या घराशेजारी पर्समध्ये मावला पाहिजे. शेवटी एक ठेंगणा जपानी पसंत पडला. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातही जातो. भिंग एकच, मागेपुढे न होणारं, पण काच नितळ. तेजल म्हणाली, झकास निवडलात, फक्त फोटोत माणूस मोठा हवा तर उठून त्याच्याजवळ जावं लागेल. आणि मी तर बाल्कनीतून जगाशी बोलणारी बाई. जयवंतांचा पहिला फोटो काढायला जवळ गेले, तर म्हणतात कसे, घाबरू नका बाई, मी मासे खातो, माणसं नाय. हसून माझा हात हलला.

मग आम्ही आरेत गेलो. झाडांतून जाणारी बस, गोठ्यांतल्या म्हशी, चहाच्या टपरीवरची भजी, एकेका फोटोवरून आमचं भांडण. दुपारी मढला त्यांच्या वहिनीने सुकट वाळत घातली होती, तिचेही काढले. रोल धुवायला दिला आणि निघाला पार कोरा. चूक माझीच. भरताना रोलचं टोक चांगलं लांब ओढून पलीकडच्या चकरीत अडकवायचं असतं. उगाच वाया कशाला घालवा, म्हणून मी जेमतेम ओढलं. दिवसभर आम्ही खटका दाबत राहिलो आणि आत रोल जागचा हलला नाही. साबणाचा उरलेला तुकडा नवीन वडीला चिकटवणारी तुझी आई, दुसरं काय होणार.

जयवंत म्हणाले, वाट लागली, आता परत जावं लागेल ना. निधी, मला वाईट वाटायला हवं होतं. मला इतका आनंद झाला की मीच दचकले. त्या दिवशी मला कळलं. पुढच्या रविवारी तोच दिवस आम्ही पुन्हा केला, त्याच टपरीवर तीच भजी खाल्ली. त्यांनाही तेच कळलं होतं, हे त्यांनी म्हशींच्या गोठ्यासमोर सांगितलं. जागा तेवढी चुकली.

आम्हाला लग्न करायचंय. तुझे बाबा माझ्या मनात जिथे आहेत तिथेच राहतील, हे मी जयवंतांना सांगितलंय आणि त्यांनी त्यांच्या बायकोचंही तसंच सांगितलं. मी या वयात कुणाची परवानगी मागणार नाही, असं ठसक्यात लिहिणार होते. पण तुझी मागतेय. तू हो म्हटल्याशिवाय नोंदणीचा अर्ज देणार नाही. दुसरा रोल सुरेख आलाय. अर्ध्या फोटोंत ते आहेत, अर्ध्यांत मी. दोघांचा मिळून एकही नाही, कारण कॅमेरा धरायला तिसरं माणूसच नव्हतं. बडोद्याहून एक दिवसाची सुट्टी काढून येशील का? तो फोटो तू काढावास, असं आम्हाला वाटतं.

उत्तराची वाट पाहणारी,
तुझीच
आई