सरांना सांभाळून घेताना

प्रिय धाकट्या सरबाई,

सोमवारी सकाळी संशोधन समितीची बैठक आहे आणि खारूताईची पीएच.डी.ची नोंदणी रद्द करायची का, हा त्यातला पहिलाच विषय आहे. आज दुपारी संशोधन कक्षातल्या बाईंनी फोनवर हे पक्कं सांगितलं. आणखी मुदतवाढ मिळणार नाही आणि मार्गदर्शकांचा अभिप्राय ‘काम अपूर्ण’ असा आलाय, असंही म्हणाल्या. मार्गदर्शक म्हणजे तुझे बाबा. खरं तर मी तुला फोनच करणार होते. पण मागच्या वेळी बाबांचा विषय काढला, तर तुझ्या दारावर नेमकं कुणीतरी आलं. म्हणून मेलवर का होईना, पत्र लिहितेय. रागावलीस तरी शेवटपर्यंत वाच.

खारूताई तुला आठवत असेल. तू विभागात आली होतीस तेव्हा सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत वाळू चाळत बसली होती ती किडकिडीत मुलगी. सरांची लेक आली म्हणून गडबडून उभी राहिली आणि अख्खा ट्रे पालथा केला. हे नाव तिला बाबांनीच दिलं, कारण ती सारखी काहीतरी गोळा करून कुठेतरी दडवून ठेवत असते. नदीच्या मुखाशी साचणारा गाळ हा तिचा विषय. त्यातला पुराने आणलेला कोणता आणि भरतीने ढकललेला कोणता, हे कणांवरून ओळखायचं. काम चोख आहे. तिचे नमुने मी स्वतः पुन्हा तपासलेत. असं असून तिच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरणसुद्धा अजून मंजूर झालेलं नाही.

आपल्या विभागाची रीत तू लहानपणापासून बघतेयस. सरांनी प्रकरण परत पाठवलं की ते ज्याचं असेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. सर टाकाऊ कामावर शाई वाया घालवत नाहीत, तेव्हा परत येणं हा मानच. माझं प्रकरण इतक्यांदा परत आलं होतं की शिपाईकाका म्हणाले, त्याला आता एकट्याने यायची सवय झालीय. म्हणून खारूताईचं परत आलं तेव्हा आम्ही तिचा चहा प्यायलो. पुन्हा आलं, पुन्हा प्यायलो. बाबा म्हणाले होते, पुराचा भाग आधी घे. तिने घेतला. मग म्हणाले, भरतीचा आधी हवा. तोही घेतला. तर पुराचा भाग मागे कुणी टाकला म्हणून सगळ्यांदेखत तिला फैलावर घेतलं. ती रडवेली होऊन माझ्याकडे आली, तर मी तिला वर शहाणपण शिकवलं, की सर तावून सुलाखून घेतात, धीर धर. आम्ही कडकपणा समजून ज्याला हात जोडत होतो, तो विसर होता गं. दुसऱ्या कुठल्याही विभागात हे महिन्याभरात कळलं असतं.

मुलांना आमच्या आधी कळलं होतं. तास सुरू होताना एकजण सहज बोलल्यासारखा, काल आपण कुठवर आलो होतो ते सांगतो. जिन्यावरून प्रयोगशाळेकडे जाताना कुणीतरी बरोबर चालतं आणि सारखे प्रश्न विचारत राहतं. ते उत्तर देण्यात गुंततात, वळण कुठे घ्यायचं ते बरोबरचं पोर ठरवतं. त्यांना कधी जाणवूही देत नाहीत. मला हे दिसायला लागलं तेव्हा माझा ऊर भरून आला होता, खोटं कशाला सांगू. मग मीही त्यात सामील झाले. विभागप्रमुखांनी त्यांचे तास कमी केले. तू म्हणालीस, बाबा थकलेत, निवृत्तीला थोडंच राहिलंय, तेवढं सांभाळून घ्या. आणि आम्ही घेतलं. प्रत्येकाने थोडं थोडं सांभाळलं, पण त्याचा सगळा भार त्या पोरीवर पडतोय हे कुणी बघितलं नाही. बाकीच्यांचं एखादं व्याख्यान बुडालं असेल. तिची उमेदीची सगळी वर्षं त्या एका सहीसाठी थांबली आहेत.

मागच्या आठवड्यात चहाच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. बाबा मजेत होते. जुन्या सफरीतली ती होडी उलटल्याची गोष्ट रंगवून सांगितली, खारूताईही हसली. मग कप खाली ठेवून तिच्याकडे मायेने बघत त्यांनी विचारलं, “तुझे मार्गदर्शक कोण गं, बाळ?”

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. ती अगदी शांतपणे म्हणाली, “आहेत एक, सर. फार मोठे आहेत. पण माझं प्रकरण पुढे जात नाही.”

“मोठे असोत नाहीतर धाकटे,” बाबा म्हणाले, “पोरांचं काम अडवून बसायचा हक्क कुणालाच नाही. मी तुझ्या जागी असतो तर मार्गदर्शक बदलला असता.”

हे अगदी त्यांच्या जुन्या आवाजात म्हणाले. माझ्या वेळी समितीसमोर माझ्या बाजूने याच आवाजात भांडले होते.

बाहेर आल्यावर खारूताईने माझा हात धरला आणि हे कुणाला सांगू नका म्हणाली. सरांचं नाव खाली येता कामा नये, मी काढीन अजून एखादं वर्ष. तिला कोण सांगणार की तेवढंही उरलेलं नाही. मी विभागप्रमुखांकडे गेले, तिला माझ्याकडे घेते म्हणाले. तेही सरांचेच विद्यार्थी, माझ्याच बरोबरीचे. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, तू टाचणीच, तुला टोचल्याशिवाय राहवत नाही हे ठाऊक होतं, पण खाल्ल्या घरचे वासे मोजशील असं वाटलं नव्हतं. दुसऱ्याची विद्यार्थिनी पळवायची नाही, हा आपला नियम आहे, आणि सर खुर्चीत असताना तर नाहीच. मी विचारलं, मग मुलीचं काय? त्यांनी टेबलावरचे कागद नीट लावले, मग पुन्हा एकदा लावले. वाईट माणूस नाही तो. घाबरलाय. मीही घाबरलेच आहे. उद्यापासून जिन्यात माझ्याशी कोण बोलेल आणि कोण मान फिरवेल, हे मी मनात मोजून ठेवलंय.

तर मी हे ठरवलंय. तिची मार्गदर्शक व्हायची तयारी मी समितीला आजच लेखी कळवली. बाबांनी स्वतः तिला मोकळं केलं तर समितीपुढे दुसरं काही बोलावं लागणार नाही, म्हणून रविवारी सकाळी मी तुमच्या घरी जातेय. सोमवारी जे बोलायचं ते आधी त्यांना सांगणार, त्यांच्या पाठीमागे नाही. तुझ्या आईला कल्पना दिली आहे. त्यांनी कधी येतेस एवढंच विचारलं. बाबा ऐकतील, कदाचित हो म्हणतील, सहीही करतील. पण सोमवारी समितीने बोलावल्यावर ते आठवेल याचा भरवसा मला नाही, आणि आठवलं नाही तर चारचौघांत मला सगळं सांगावं लागेल. मी सांगणार आहे. तुझी परवानगी मागण्यासाठी हे लिहिलेलं नाही. रविवारी ते हो म्हणतील तेव्हा तू समोर असावीस आणि सोमवारी समितीच्या त्या लांबट खोलीत त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी नसावी, म्हणून लिहिलं. त्या वेळी त्यांना मी नको असेन. शनिवारी संध्याकाळची गाडी मिळाली तर तू रात्रीपर्यंत पोचशील. नाही आलीस तरी रविवारी सकाळी मी तुमची बेल वाजवेन.

तुझीच, अजून तरी,
टाचणी