रहाटीतील तुझा चौकोन

प्रिय वासंती,

मुलीला लिहिताना आरंभी ‘चिरंजीव’ लिहावे, अशी आपली रीत. लेखणी तिथेच अडली. म्हणून हे साधे ‘प्रिय’. तू गेल्यापासून कळवण्याजोगे काही घडले नव्हते. आज घडले. गावची रहाटी, आपली देवराई, तोडली.

आठवते ना, देवाच्या त्या रानात तू प्रथम माती न्यायला गेलीस, तेव्हा गुरवाने चपला काढायला लावल्या होत्या? “ताय, हितली काडीसुदीक भायेर जात नाय. माती नेयाची तर देवाला इचारून ने.” मूर्तीला तांदूळ लावून कौल घेतला, उजवा दाणा पडला, देवाचा होकार मिळाला, मगच तू कुदळ उचललीस. शास्त्र शिकलेली माझी मुलगी!

बाहेरच्या डोंगरावरचा पातेरा, तो झाडांखालचा वाळका पाला, लोक दरवर्षी झाडून नेतात आणि भाताच्या रोपांसाठी भाजावळीत जाळतात. तिथे कातळ उघडा पडत चालला. रहाटीत मात्र पिढ्यान्‌पिढ्या पान जागीच कुजले. या दोन मातींत किती अंतर पडले, एवढेच तुला मोजायचे होते. दोरीने आखलेल्या चौकोनातील माती तू दोन वर्षे नेलीस. तिसऱ्या वर्षीची राहिली. तिथल्या पऱ्ह्याचे, त्या ओढ्याचे, पाणी उकळल्यावाचून पिऊ नकोस, असे किती वेळा बजावले होते! काविळीने तुझे शिक्षण विचारले का?

ती तिसरी माती मी पाठवणार होतो.

पण शिमगा झाला आणि गावकी बसली. ‘देवळावर स्लॅब घालावा काय?’ असा कौल लावला. देवाने उजवा दिला. खर्चासाठी रहाटीतील झाडे विकायचे ठरले. त्याविषयी देवाला कोणी विचारलेच नाही! मी उठून तसे म्हणालो.

“गुरुजी, मग स्लॅब काय पाल्याचा घालूया?” सुट्टीवर आलेला एक मुंबईकर म्हणाला. सारे हसले.

गुरवाने मान वर केली नाही. “द्येवाला दोनदा नाय इचारीत, गुरुजी.”

आज सकाळी जाऊन पाहिले. नुसते बुंधे उरले आहेत. पातेरा बायकांनी भाजावळीसाठी भारे बांधून नेला. त्यातील एक भारा तुझ्या दोरीने बांधलेला होता. त्यांना काय बोलणार? एरवी त्या डोंगरभर हिंडतात.

दुपारी तुझे मार्गदर्शक आले. चहा घेता घेता म्हणाले, “गुरुजी, शेजारच्या गावची रहाटी शाबूत आहे. तिथली माती द्या. प्रबंध पुरा होईल, मुलीला मरणोत्तर पदवी मिळवून देतो. मातीवर गावाचे नाव थोडेच लिहिलेले असते!”

तुझी आई दाराआडून ऐकत होती. पुढे येऊन हात जोडून म्हणाली, “द्या ना हो. तेवढेच तिचे नाव राहील.”

इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझ्यापुढे प्रथमच हात जोडले, वासंती. मी ‘नाही’ म्हणालो. तुझे सर चहा अर्धा टाकून गेले.

तू असतीस तर तूही हेच म्हणाली असतीस ना? की आईकडे पाहून विरघळली असतीस? विचारू तरी कोणाला?

तरीही वचन देतो: मी आहे तोवर त्या चौकोनाच्या नावावर दुसरी माती जाणार नाही. तिसऱ्या वर्षीचा रकाना रिकामाच राहील. पदवी येणार नाही. तुझी आई दुपारपासून माझ्याशी बोललेली नाही; आणि आता बोलेल, असे मला वाटत नाही.

तुझे,
अण्णा