कागदाची मुरड

बुधवार, जेवणानंतर

मासा घरात शिजवायचा नाही, मागच्या अंगणातल्या चुलीवरच, हा सुमनचा लग्नापासूनचा नियम. माळकरी आहे ती. आज पैज लावली: बेकिंगच्या कागदात बांधून ओव्हनमध्ये ठेवतो, घरात वास सुटला तर पुन्हा विचारणार नाही.

रोहूवर लसूण, लिंबू, सगळं बेतशीर. कागदाची घडीही मोजून अर्धा इंच, तरी उलगडतच राहिली. मी, एवढा स्वतःहून स्वयंपाक शिकलेला माणूस!

"सरका, तुमच्यानं न्हाई व्हायचं." नाकाला पदर बांधून तिनं कडेला करंजीची मुरड घातली. काय मुरड! एकही पाकळी लहानमोठी नाही.

वीस मिनिटांनी ओव्हनपाशी आली. पदर सोडला, हुंगलं.

"आतच करत जा. मुरडीला मला हाक मारा."