शून्य नंबरच्या माथी

प्रिय ताई,

फोन केला असता तर तू ‘बघू गं’ म्हणून ठेवून दिला असतास, म्हणून लिहितेय. पूर्ण वाच, अध्येमध्ये भांडी घासायला उठू नकोस.

मी दिवसभर नक्की करते काय, असं तू नेहमी विचारतेस ना? तर ऐक. आम्ही खरी चिप बनण्याआधी तिची संगणकात नक्कल चालवतो, म्हणजे चुका आधीच कळाव्यात. या चिपमध्ये चार कोअर आहेत, कामाचे चार गडी म्हण. त्यांना काही लागलं की ते मेमरीकडे मागणी धाडतात. आणि आम्ही गडी मोजतो ते शून्यापासून, म्हणून पहिल्या गड्याचा नंबर शून्य. हसू नकोस, आमच्या धंद्यात सगळे असंच मोजतात.

तर गेल्या आठवड्यात हा शून्य नंबर पार बदनाम झाला. मेमरीपाशी पाहावं तर निम्म्याहून जास्त मागण्या त्याच्याच नावावर. आमचे साहेब, ज्यांना आम्ही पाठीमागे हेडमास्तर म्हणतो, म्हणाले की हा अधाशी आहे, याच्या मुसक्या आवळा. मला काही ते पटेना. मग मी एकेक मागणी धरून मागे मागे जात बसले. ही इथे कुणी पाठवली, त्याच्याकडे कुठून आली. डोक्याचा नुसता भुगा झाला. शेवटी सापडलं. गडी आणि मेमरी यांच्या मध्ये कॅश असते, हाताशी सामान ठेवायचं कपाट समज. कपाट भरलं की ते जुनं सामान आपणहून मेमरीकडे परत पाठवतं. त्यावर ज्याचं सामान त्याचा नंबर टाकायला आम्ही विसरलो होतो, आणि नंबराची जागा रिकामी राहिली की आमच्या प्रोग्रॅममध्ये तिथे शून्य धरला जातो. झालं! सगळं बेवारशी सामान त्या बिचाऱ्याच्या माथी. खरा पसारा तीन नंबरचा होता. हेडमास्तरांनी चहा पाजला, कौतुक म्हणशील तर तेवढंच.

मला तिथेच तू आठवलीस, खोटं कशाला बोलू. आपल्या घरात जे काम कुणाचंच नसायचं ते तुझं असायचं. नळ गळतोय, थोरलीला सांगा. दादाचा बूट सापडत नाही, थोरलीनं कुठे ठेवला? परवा दादा म्हणाला की बाबांना तुझ्याकडेच राहायचंय, आणि तू हूं की चूं न करता हो म्हणालीस. दूरच्या नव्या बंदरावर क्रेन चालवायला शिकवण्याची जागा, जिच्यासाठी इतकी वर्षं त्या उंच केबिनमध्ये उन्हानं भाजून निघालीस, तिला तू सोमवारी नकार कळवणार असं वहिनीनं सांगितलं. मला इतका राग आला ना, तुझाच!

मग ऑफिसातला उद्योग मी घरी केला. दादाला विचारलं, बाबा तुला कधी म्हणाले? त्याला वहिनीनं सांगितलेलं. वहिनीला मावशीनं. आणि मावशी म्हणते, अगं, मला आपलं वाटलं, थोरलीशिवाय करणार कोण! म्हणजे बाबांना कुणी विचारलंच नव्हतं. मी काल गेले आणि सरळ विचारलं.

बाबांनी आधी गुडघा चोळून घेतला. मग म्हणाले, त्यांना माझ्याकडे यायला आवडेल. माझ्याकडे जिना नाही, आणि मी त्यांच्याशी कडाकडा भांडते, तू नुसतं ऐकून घेतेस, त्यांना करमत नाही. थोरलीला जाऊ दे, म्हणाले, लहानपणी पाण्याच्या टाकीवर चढून बसायची, खाली उतरवताना नाकी नऊ यायचे. पण हे मी सांगितलं तर बाबांना आपण नकोशा झालो असं ती मनाला लावून घेईल, तूच लिही, असंही म्हणाले. म्हणून लिहितेय. शनिवारी मी त्यांना घेऊन येतेय, खाटसुद्धा येऊन पडलीय. तो नकार पाठवू नकोस. आणि ताई, बाबांनी राहण्यासाठी तुझं नाव घेतलं नाही याचं वाईट वाटणारच. वाटलं तर रड पोटभर, पण जा.

तुझीच,
भांडकुदळ शेंडेफळ