अकिकाची डावखुरी मूठ

मी, खाली डाव्या हाताने सही करणारी, वय वर्षे बहात्तर, अविवाहित, धंदा दगड घासणे व सुऱ्यांना मुठी बसवणे, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही धाकाला किंवा गोड बोलण्याला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा धाकटा भाऊ उलट म्हणण्याची शक्यता आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र, ज्यात सर्व काही त्यालाच दिले होते, ते मी रद्द करते.

१. राहती खोली. कारखान्यावरची माझी खोली, पलंग व कपाटासह, भाचीला मिळावी. ही भावाची मुलगी. दातांच्या कवळ्या बनवते. ती येते ती आत्यासाठी येते, खोलीवर डोळा ठेवून नाही, म्हणूनच खोली तिला. तिने ती बापाला भाड्यानेसुद्धा देऊ नये.

२. बँकेतली ठेव. अर्धी भाचीला, अर्धी भावजयीला. इतक्या वर्षांत फक्त भावजयीने विचारले, "ताई, ती मूठ तुम्हीच केलीत ना?" पण विचारले ते स्वयंपाकघरात, दार लोटून घेऊन. तिच्या हिमतीप्रमाणे तिला अर्धे.

३. हत्यारे. घासायचे चाक, तांब्याच्या नळ्या, दगड कापणारी कुरुंदाची पूड आणि झिलईचे चामडे भाचीला. दातांच्या कामामुळे पाणी सोडत भोक पाडणे तिला ठाऊक आहे, ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक नाही. एक गोष्ट तिने ध्यानात ठेवावी. दगड घेतला की भिजवून वाळत ठेवावा आणि समोर बसून राहावे. सगळा कोरडा झाला तरी जिथे ओल रेघेसारखी टिकते, तिथे तडा असतो. असा दगड कितीही देखणा असला तरी परत करावा. माणसांच्या बाबतीत मला हे जमले नाही.

४. सुरी. दुकानात काचेच्या पेटीत ठेवलेली अकिकाच्या मुठीची सुरी माझ्या मालकीची आहे. पुढे वाद नको म्हणून सविस्तर लिहिते.

पाते भावाने घडवले. पाते उत्तम आहे, हे मी कोणासमोरही म्हणेन. वडील गेले त्या वर्षी त्याने ते माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "ताई, जन्मभर लोकांच्या सुऱ्यांना मुठी घातल्यास. ही तुझी. तुला हवी तशी मूठ घाल." मला रडू आले होते. तेव्हाचा तो खोटा नव्हता, असे मी अजूनही धरून चालते.

मी जपून ठेवलेला अकीक बाहेर काढला. धुरकट करडा, मधोमध मधाच्या रंगाचे पट्टे. दोन तुकडे जोडायचे नाहीत, अख्ख्या दगडाचीच मूठ करायची, असे ठरवले. पात्याचा मागचा दांडा आत शिरावा म्हणून दगडाला लांबीभर भोक पाडायचे. नळी फिरवायची, पूड टाकायची, पाणी सोडत राहायचे. घाई केली की दगड तापतो, आणि तापला की तडकतो. हिवाळाभर एवढेच केले. मग आकार द्यायला घेतला. मापाला माझाच हात होता. मूठ आवळायची, टोचेल तिथे घासायचे, पुन्हा आवळायची. अंगठ्यासाठी खोलगट जागा केली, बोटांसाठी उतार. झिलई झाल्यावर भावाने सुरी उजव्या हातात घेतली आणि "आई गं!" म्हणून खाली ठेवली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की मी डावखुरी आणि मूठही डावखुरी. दुसऱ्या कोणाच्या कामाची नाही. आम्ही दोघे पोट धरून हसलो.

त्या सुरीने मी रोज भाजी चिरत असे. मग प्रदर्शन आले. "दोन दिवस दे गं ताई, नुसती मांडायला." दिली. बक्षीस मिळाले. लोक पात्याबद्दल काही विचारेनात, सगळे मुठीबद्दल विचारीत. मी पाहुण्यांसाठी चहा घेऊन येत होते तेव्हा भावाचे शब्द कानावर पडले, "मूठही माझीच. ताई दुकान सांभाळते, चहापाण्याचं बघते." मी तिथल्या तिथे तोंड उघडले असते, पण हातात ट्रे होता. त्या चहाने त्याच्याच बाजूने साक्ष दिली असती. केसाने गळा कापणे म्हणतात ते हे. घरात इतक्या सुऱ्या असताना त्याला केस सापडला.

घरी आल्यावर मी म्हटले, "उद्या सांग लोकांना, मूठ ताईची आहे म्हणून."

"आता पाटी छापून झाली गं. आणि तुझं-माझं काय वेगळं आहे का?"

"वेगळं नाही ना? मग माझं नाव घाल."

तो हात धुवायला उठला. जेवायला अजून कोणी बसलेही नव्हते.

सुरी घरी परतली नाही. तिला काचेची पेटी आली, कुलूप आले, "हात लावू नये" अशी पाटी आली. लोकांना वाटते, वस्तू मोलाची म्हणून. खरे कारण असे की जो ती उजव्या हातात धरील तो विचारील, ही कोणाच्या हाताची? मी गावाला गेले असताना भावाने एकदा तशीच दुसरी करून पाहिली. कोरडेच भोक पाडायला गेला. दगडाचे तुकडे मला कचऱ्याच्या डब्यात मिळाले. तेव्हापासून तो गिऱ्हाइकांना सांगतो, "अशी वस्तू आयुष्यात एकदाच होते." नाचता येईना, अंगण वाकडे.

मग मी त्याच्याकडे काम का करत राहिले, असे कोणी विचारील. भाऊ आहे. आज ना उद्या सांगेल असे वाटत राहिले. गिऱ्हाईक पेटीपाशी थांबले की मी चाक बंद करून कान देत असे. त्याने एकदाही सांगितले नाही. मला फार लागले आहे, ते इथे साध्या शब्दांत लिहून ठेवते.

५. छायाचित्रकार. बक्षिसाच्या वेळी "बाई, जरा बाजूला व्हा, सावली पडतेय" म्हणणाऱ्या गृहस्थांना काही नाही. त्यांना बिचाऱ्यांना माहीत नव्हते. तरीही काही नाही.

६. पेटी व पाटी. काचेची पेटी भाचीने कवळ्या मांडायला न्यावी. "हात लावू नये" ही पाटी माझ्या चाकाला बांधावी, म्हणजे भावाला दिसेल.

७. सुरीची व्यवस्था. भाचीला वाटेल, सुरी तिला मिळणार. बाळ, रागावू नकोस. सुरी मी माझ्या भावालाच देते. मात्र ती पुन्हा पेटीत, कपाटात किंवा कापडात ठेवू नये. त्याने ती स्वयंपाकघरात ठेवावी आणि रोज त्याच सुरीने भाजी चिरावी, स्वतः, उजव्या हाताने. लोकांना त्याने आता काही सांगितले नाही तरी चालेल. मूठ त्याच्या तळहाताला टोचेल. जिथे टोचेल तिथे माझा अंगठा असायचा.

हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिले, मोठ्याने वाचून दाखवले आणि साक्षीदारांसमक्ष सही केली. अंमलबजावणी शेजारच्या चष्मेवाल्यांनी करावी.

सही: (डाव्या हाताची) ताई, मुठी बसवणारी

साक्षीदार:
१) शेजारचे चष्मेवाले. वाचताना दोनदा चष्मा पुसला, तरी मजकूर नीट दिसला आहे.
२) समोरची किल्लीवाली. सुरी एकदा डाव्या हातात धरून पाहिली होती. मूठ बसते.

स्थळ: कारखान्याची मागची खोली, चाकाजवळ
दिनांक: चौदा नोव्हेंबर, शुक्रवार