मर्जीनं बसलेला माणूस

अब्बा, आज हायकोर्टात एका अनोळखी माणसानं तुमचं वाक्य जसंच्या तसं उच्चारलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की हल्ली तुमचा आवाज आठवायला गेले तर आधी फवारणी पंपाचाच आवाज येतो, तुम्ही दट्ट्या खालीवर करून बघायचात तेव्हाचा. पण आज ते वाक्य आलं आणि मागून सरळ तुमचा आवाज आला. घरी येऊन चहा केला, तो निवून गेला, मी अजून कोट काढलेला नाही. हे मराठीत लिहिते आहे, कारण उर्दू अम्मीची, हिंदी घरातली, वऱ्हाडी गिऱ्हाइकांची आणि वाचायची भाषा मात्र मराठी, अशी तुमची वाटणी होती. रोजचा पेपर तुम्ही शेवटच्या पानापासून वाचायचात, आणि त्यावरून मी तुम्हाला चिडवायचे.

कापसाची ती वाईट वर्षं तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलीत. बोंडअळी काही केल्या हटत नव्हती. त्यातल्याच एका साली कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, आणि लोक पाठीवर पंप घेऊन वर तोंड करून फवारत होते. स्टँडमागच्या आपल्या दुकानात पार मुकुटबनकडचे लोक पंप दुरुस्तीला आणायचे. "चाचा, जरा जोरानं उडलं पाह्यजे, नोझल बदलून द्या," म्हणायचे आणि तुम्ही द्यायचात. मग माणसं वावरातच पडायला लागली. कोणाला दिसेना, कोणाच्या उलट्या थांबेनात. यवतमाळच्या दवाखान्यात नेलेल्यांपैकी काही परत आलेच नाहीत. फवारणीचं औषध विकणारा आपला शेजारी, तो कृषी केंद्रवाला, शटर ओढून पसार झाला आणि तो कुठं गेला हे तुम्हाला माहीत असणार असं पोलिसांनी ठरवून टाकलं. दुकानासमोर जीप थांबली, तुम्हाला स्टुलावरून उठवलं आणि नेलं. अम्मी नेमकी तुमचा डबा घेऊन आली होती, सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं.

मी तेव्हा लॉच्या दुसऱ्या वर्षाला होते, रोज एसटीनं यवतमाळला जायचे. पकडलेल्या माणसाला कारण सांगावं लागतं, त्याला वकिलाला भेटू द्यावं लागतं, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं, हे सगळं मला तोंडपाठ होतं. मोठ्या तोऱ्यात मी ते ठाण्यातल्या जमादाराला ऐकवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "इथं कोनी नाही. अन् अटकच नाही केली, तं कोर्टात कायले नेऊ?" आणि त्याच्याच बाकाखाली तुमच्या चपला होत्या, टायरचा तळ तुम्ही स्वतः ठोकलेल्या. अम्मीनं मला त्या डोळ्यांनी दाखवल्या. पुस्तकातला हक्क असा समोरासमोर नाकारता येतो आणि नाकारणारा वर पान खात बसतो, हे मला तोवर खरंच माहीत नव्हतं.

एसपींना तक्रार पाठवली, उत्तर आलं नाही. मग आम्ही दोघी नागपूरला गेलो, माझ्या सरांच्या ओळखीच्या एका वकीलबाईंकडे. त्यांनी अम्मीला आधी पाणी दिलं आणि मला झापलं, की इतके दिवस काय करत होतीस. "कारण सांगितलं का? नाही. वकील भेटू दिला का? नाही. चोवीस तासांत हजर केलं का? नाही. मग रडतेस कशाला? तुझी याचिका तयारच आहे, फक्त लिहायची आहे." मूलभूत हक्क मोडला की सरळ सुप्रीम कोर्टातही जाता येतं, पण दिल्ली लांब आहे आणि तोच अधिकार हायकोर्टाला आहे, हे त्यांनीच समजावलं. आतला माणूस स्वतः येऊ शकत नाही, म्हणून त्याच्या वतीनं बायको, पोरगी, मित्र, कोणीही कोर्टाचं दार ठोठावू शकतं. आधी घडलं ते क्रमानं लिहायचं, मग कुठला हक्क मोडला ते, मग कोणाकडे दाद मागितली ते, आणि शेवटी कोर्टानं काय करावं ते. कागद इंग्रजीत, म्हणून ओळन् ओळ अम्मीला समजावून सांगितली. 'मारहाण होत आहे' या वाक्याशी ती अडली. म्हणाली, "मैंने देखा नहीं, तो कसम कैसे खाऊँ?" वकीलबाईंनी ते 'मारहाणीची भीती आहे' असं केलं, तेव्हा कुठं अम्मीनं उर्दूत सही केली. प्रकरण तातडीचं म्हणून त्याच दिवशी पुकारलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला हजर करा असा हुकूम झाला. मला तर वाटलं, जिंकलो.

तुम्ही आलात ते दुसऱ्याच कोणाचा तरी इस्त्रीचा शर्ट घालून. बाह्या तुम्हाला लांब होत होत्या. तुम्ही आमच्याकडे बघितलंच नाही. न्यायमूर्तींनी विचारलं, तुम्हाला ठाण्यात डांबून ठेवलं होतं का? तुम्ही हात जोडून म्हणालात, "नाही साहेब. मी माह्या मर्जीनं बसलतो." मला आधी वाटलं, प्रश्न तुम्हाला कळला नाही. न्यायमूर्तींनी पुन्हा विचारलं, तुम्ही पुन्हा तेच म्हणालात. पाच-सात पोलीस मागे उभे होते, ठाण्याचे साहेबही होते. तुम्ही जायला मोकळे आहात असं नोंदवून याचिका निकाली निघाली. अम्मीनं शपथेवर लिहून दिलेलं सगळं एका वाक्यात खोटं ठरलं. तिनं फक्त पदर ओढून घेतला.

परतीच्या एसटीत एक शिपाई "घरापोतर सोडून देतो" म्हणून आमच्या मागच्या सीटवर बसला. मी तुम्हाला फाडकन विचारलं, का बोललात असं? तुम्ही एरवी किती हळू बोलायचात, पण त्या दिवशी चांगलं मोठ्यानं म्हणालात, "बेटा, साहब ने अपने डब्बे की रोटी दी मेरे को. जिसका नमक खाया, उसकी नौकरी खाऊँ क्या?" मला हसावं की रडावं कळेना. माणसाला कोंडून ठेवायचं, वरून डब्यातली पोळी द्यायची, आणि माझा बाप त्या मिठाला जागणार! मी खिडकीबाहेर बघत बसले. त्यानंतर तुम्ही होतात तोवर आपण त्यावर कधी नीट बोललो नाही. ईदच्या शीरखुर्म्यावरही मी तुम्हाला मिठावरून टोमणे मारले आणि तुम्ही हसून घेतलेत.

आजचा माणूस झरी जामणीकडच्या एका पोडावरचा, म्हणजे आदिवासी पाड्यावरचा, जंगलकामावर जाणारा कोलाम. सागाच्या चोरीच्या संशयावरून त्याला उचललं आणि कुठंच नोंद केली नाही. याचिका त्याच्या बायकोची, वकील मी. त्याला उभं केलं, विचारलं, आणि तो म्हणाला, "मी माह्या मर्जीनं बसलतो." तेच शब्द, तोच खाली बघत असलेला चेहरा. कोर्टात काय बोलावं हे यांना कोण पढवतं, अब्बा? मी उठले. म्हणाले की या माणसाला चेंबरमध्ये, पोलिसांना बाहेर ठेवून विचारावं. न्यायमूर्तींनी ते मानलं. तो आत गेला आणि सगळं खरं सांगून आला. चौकशीचा हुकूम झाला, माणूस सुटला. बाहेर व्हरांड्यात त्याची बायको त्याचा हात सोडत नव्हती. मी त्याला विचारलं, दादा, आधी का नाही सांगितलं? तो म्हणाला, "पोरगी आश्रमशाळेत हाय, ताई. कोन्या गाडीनं जाते, कवा जाते, आमाले ठाऊक हाय, पोलीस म्हने."

मी एसटीनं यवतमाळला जायचे, अब्बा. सकाळच्या पहिल्या गाडीनं, रोज. ठाण्यात जाऊन कलमं सुनावून आलेली तुमची पोरगी कोणती, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तुम्हाला कोणीच आत नेऊन एकटं विचारलं नाही. मी विचारलं, तेही मागच्या सीटवर शिपाई बसलेला असताना.

हे पत्र कुठं जाणार नाही. अम्मी आतल्या खोलीत आहे, तिच्यापासून तुम्ही काही लपवायचा नाहीत, तिला खरं कारण माहीत असेल. कोर्टात मी परक्या माणसासाठी पोलिसांना बाहेर काढायला लावते, पण आत जाऊन तिला एवढं विचारायची माझी छाती होत नाही. ते मीठच होतं, असं मी धरून बसले आहे.